रायफल घ्यावी की बारा बोअर?



पाचवी आज्ञा शिकवायला घेतली की धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो, ‘टीचर, डास मारला तर पाप लागतं का?’ मुलं हसतात, मीही हसते आणि आम्ही पुढे जातो. या पावसाळ्यात मात्र याच आज्ञेवरचा प्रश्न एका मोठ्या माणसाने विचारला, आणि हसून पुढे जाता येईना.

त्यांना इथे अण्णा म्हणते. त्यांच्या आणि घरच्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलाच्या बाजूला त्यांचा मळा. भात, थोडे काजू. घर गावापासून लांब, एकटं. घरात म्हातारी आई, बायको, दोन मुलं. रानडुकरं नेहमीचीच. पण मे महिन्यात कुणीतरी पंपाची केबल कापून नेली, आणि आठ दिवसांत कुत्रा मेलेला सापडला. तोंडाला फेस. कुत्रा कशासाठी मारतात ते मळ्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

अण्णा अर्ज भरून घ्यायला आले. कागदपत्रं वाचणारी म्हणून चर्चमधले बरेच जण माझ्याकडे येतात, बी.ए. झाल्याचा तेवढा उपयोग! “टीचर, रायफलच घेतो. तीनशे पंधरा. एकदाच काय ते होऊन जाऊदे की.”

मला बंदुकीतलं काय कळतं? पण बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, आमच्या धर्मग्रामात निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा संपेपर्यंत अण्णांचं ऐकलं आणि मग विचारलं, “घराच्या चारी बाजूंना काय आहे?” एका बाजूला रान, दुसरीकडे भावकीचं घर, तिसरीकडे रस्ता. सुभेदार म्हणाले, “रायफलची गोळी कुंपण ओळखत नाही. चोर चुकला तरी ती थांबत नाही, किलोमीटरभर पलीकडेही माणूस मारते. रात्री, घाबरलेल्या हातानं, भावाच्या घराच्या दिशेनं तू ती सोडणार?”

मग त्यांनी फरक समजावून सांगितला. तो इथे देते, कारण असा विचार करणारे अण्णा एकटे नाहीत. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो, त्यामुळे एकच गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत. तिच्या काडतुसातले छर्रे पसरतात आणि त्यांचा जोर लवकर ओसरतो. पूर्वापार घरं आणि पिकं राखणारे तीच वापरत आले. दुनळी मोडून बघितली की भरलेली आहे की रिकामी हे डोळ्यांना दिसतं, घरात मुलं असताना हे फार महत्त्वाचं. इशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल चांगली, पण दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. सवय नसलेल्याला अंधारात ते जमत नाही. लष्कराची .३०३ तर सामान्य माणसाला मिळतच नाही.

कायदाही याच बाजूला झुकतो. १९५९च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी निदान २० इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीला परवाना मिळण्याची वाट सोपी आहे. रायफलसाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे. अर्जाआधी शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. निवडणूक आली की बहुतेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. (म्हणजे त्या महिन्यात घर पुन्हा कुत्र्याच्याच भरवशावर.) आणि बंदूक हाती आली म्हणून डुक्कर मारता येत नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवणं वेगळं, पिकासाठी विनापरवानगी मारणं वेगळं.

एवढं झाल्यावर अण्णांनी मला विचारलं, “आणि टीचर, देवाचं काय म्हणणं?”

निर्गमच्या २२व्या अध्यायात चोराविषयीचा एक नियम आहे. तो आम्ही वर्गात कधी वाचत नाही, पण त्या दिवशी वाचला. रात्री घर फोडताना चोर सापडला आणि मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तदोष नाही. मात्र सूर्य उगवल्यावर तसं घडलं तर दोष आहे. मला हा नियम फार विचारी वाटतो. अंधारात कोण आलंय, कशासाठी आलंय, कळत नाही. उजेडात त्याचा चेहरा दिसतो. चेहरा दिसला की तो देणं लागणारा माणूस होतो, त्याच्याकडून भरपाई घ्यायची, जीव नाही. आपल्या देशाचा कायदाही, म्हणजे पूर्वीची दंडसंहिता आणि १ जुलै २०२४पासूनची न्याय संहिता, रात्रीच्या घरफोडीला साध्या चोरीपेक्षा वेगळं मानतो. पंपाच्या केबलसाठी जीव घेण्याची मुभा दोन्हीकडे नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण भित्र्यांची नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणात दोन परिणाम वेगळे केले: आपला जीव वाचवणं हा हेतू, समोरच्याचा मृत्यू हा हेतूबाहेरचा परिणाम. पण बळ गरजेपुरतंच हवं. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ (परिच्छेद २२६३ ते २२६५) त्याच वाटेने जातो आणि पुढे म्हणतो की ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी संरक्षण हे कर्तव्यही असू शकतं. संत ऑगस्टीन मात्र अधिक कडक होते. पब्लिकोला यांना लिहिलेल्या पत्रात, सैनिक किंवा अधिकारी नसलेल्याने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारावं हे त्यांना पटत नाही. दोघेही संत, दोघेही आपले. मी अण्णांना दोन्ही सांगितलं. संरक्षण करू नका असं बापाला सांगण्याचा अधिकार मला नाही.

अण्णांना शौलाचं चिलखत उतरवून ठेवणारा दावीद आवडला. शस्त्र वाईट म्हणून दावीदाने ते ठेवलं नाही, त्याची सवय नव्हती म्हणून ठेवलं. सुभेदारांनी लगेच ते उचललं, “तू कधी गोळी झाडलीयस का, अण्णा?” झाडली नव्हती.

पण खरी गोष्ट दोन दिवसांनी कळली. वहिनी मिस्सानंतर थांबल्या, चर्चच्या मागच्या बाजूला मला घेऊन गेल्या. “टीचर, तुम्ही तरी सांगा की त्यांना. चोर वर्षातनं एकदा येईल. बंदूक रोज घरात असणार.” थोरला मुलगा दहावीनंतर शाळा सोडून घरी आहे, कुणाशी बोलत नाही, रात्री जागा असतो. वहिनींना भीती चोराची नव्हतीच.

त्या दिवशी संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेले आणि स्पष्ट बोलले. मन थाऱ्यावर नसलेलं लेकरू घरात असेल, तर आज त्या घरात बंदूक नको, रायफलही नको आणि बारा बोअरही नको. कपाटाला कुलूप आणि काडतुसं वेगळ्या जागी, हे सगळं खरं, पण किल्ली कुठे असते हे घरातल्या मुलाला कळतंच. आधी मुलाला डॉक्टरकडे न्या. अण्णा रागावले. “माझा पोरगा तसला नाही,” म्हणाले. आई आतून ऐकत होती. ती एवढंच बोलली, “ने त्याला.”

आता काय चाललंय तेही सांगते. मुलगा बेळगावला मनोविकारतज्ज्ञांकडे जातो, औषध चालू आहे. शनिवारी युवकांच्या प्रार्थनेला अण्णा स्वतः आणून सोडतात, शेवटच्या बाकावर बसतो. घराला चारी बाजूंनी दिवे लागलेत, नवीन कुत्रं आणलंय. अर्ज माझ्याच फाइलमध्ये आहे. सुगीनंतर बघू, असं अण्णा म्हणतात, आणि डॉक्टर काय म्हणतात ते ऐकूनच बघायचं एवढं त्यांनी वहिनींना कबूल केलंय.

यरुशलेमचा कोट बांधताना नहेम्याने रात्री पहारे बसवले होते. फादरांनी रविवारी त्यावर प्रवचन दिलं आणि खालच्या पाच मळ्यांनी मिळून पाळ्या लावल्या: प्रत्येक रात्री दोन माणसं, बॅटरी, शिट्टी, काठी. सुभेदार रोज रात्री अकराला एक चक्कर मारतात, गुडघा दुखत असला तरी. शुक्रवारची पाळी आमच्या घराकडे आहे. हे आणि शेजारचा मुलगा जातात, मी चहाचा थर्मास भरून देते. अजून दोन माणसं हवी आहेत, बुधवारसाठी. नाव द्यायचं असेल तर मिस्सानंतर मला भेटा.