धरणगाव ते भादली

गेली काही वर्षे मे महिन्याच्या पाच तारखेला आम्ही तिघे मित्र धरणगावच्या रेल्वे स्थानकावर भेटतो आणि पॅसेंजर गाडीने भादलीला जातो. ज्याला प्रवासवर्णनात स्थान मिळावे असे या प्रवासात काही नाही. अंतर पन्नास किलोमीटरही भरणार नाही. वाटेत डोंगर नाहीत, अरण्य नाही. नांगरून टाकलेली काळी शेते, पाळधी ओलांडल्यावर येणारे गिरणेचे कोरडे पात्र, मग जळगाव आणि जळगावनंतरचे पहिले लहानसे स्थानक भादली, एवढाच हा पल्ला. त्यात खानदेशातला मे महिना. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि डब्याच्या खिडकीची गजे हाताला चटका देतात. सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात आणि तुम्ही भादलीला का जाता, असा प्रश्न घरातून दर वर्षी येतो. त्याचे उत्तर आम्ही अजून नीट दिलेले नाही.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मात्र या तारखेचे आणि या स्थानकाचे नाते सांगावे लागू नये. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावी झाला. १९०७ साली जळगावात भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी दिली. आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकावर रेल्वेगाडीखाली सापडून त्यांचा अपघाती अंत झाला. तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. जन्म, नामकरण आणि मृत्यू अशी तिन्ही ठिकाणे आज एकाच लोहमार्गावर क्रमाने येतात. एका कवीचे आयुष्य पॅसेंजरच्या गतीनेही दीड-दोन तासांत ओलांडता येते, ही जाणीव प्रथम झाली तेव्हा आम्ही तिघेही हादरलो होतो. अर्थात तेव्हा आम्ही तेवीस वर्षांचे होतो आणि हादरणे आम्हाला आवडत असे.

ते साल २००३. एम.ए.ची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती. रावेरकडच्या मित्राने ही कल्पना काढली. आम्हा तिघांत कवी तोच. एका नियतकालिकात त्याची कविता छापून आली होती, आणि त्या काळी आमच्या दृष्टीने ही घटना विद्यापीठाच्या पदवीहून मोठी होती. भादलीच्या फलाटावर बसून आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि मग त्याने आपल्या वहीतील चार कविता वाचून दाखवल्या. मध्येच एक जलद गाडी न थांबता धडधडत गेली आणि त्याला दोन ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या. त्या ओळी आज मला आठवत नाहीत. त्याचा आवाज मात्र आठवतो. आपण काही मागतो आहोत असे त्या आवाजात कुठेही नव्हते.

तेव्हापासून ही प्रथा पडली. मधली काही वर्षे खंड पडला. कधी परीक्षेची कामे आडवी आली, कधी कुणाच्या घरचे लग्न. २०२० साली तर पॅसेंजर गाड्याच बंद होत्या. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षीही आम्ही फोनवरच भेटलो. धुळ्याचा मित्र तेथील महाविद्यालयात शिकवतो आणि फावला वेळ जुन्या कागदपत्रांत घालवतो. राजवाडे यांचा १९२६ साली धुळ्यात मृत्यू झाला आणि लगेच पुढल्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्या मंडळातील दप्तरांचा वास त्याच्या कपड्यांना लागला आहे असे आम्ही त्याला चिडवतो. बोलता बोलता ‘पुरावा काय?’ असे विचारण्याची त्याला सवय आहे. तो पहाटे एस.टी.ने निघून पारोळा, एरंडोल करीत धरणगावला येतो. रावेरचा मित्र उलट दिशेने आदल्या रात्री माझ्याकडे जळगावला मुक्कामाला येतो. सकाळी आम्ही दोघे धरणगावला जातो, म्हणजे ज्या वाटेने परतायचे तीच वाट आधी एकदा चालून घेतो.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. २००७ साली एका महाविद्यालयात मराठीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली. मुलाखतीला आम्ही दोघे होतो, रावेरचा मित्र आणि मी. ती जागा मला मिळाली. त्याच्याहून माझी तयारी अधिक होती असे मी त्या दिवशीही म्हणू शकलो नसतो. पुढे सात वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवत राहिला. दर जूनमध्ये नवी नेमणूक, दर मार्चमध्ये तिचा शेवट, आणि मानधन केव्हा येईल ते कुणी सांगू नये. २०१४ मध्ये त्याने ते सोडले आणि तो वडिलांच्या केळीच्या बागेत उतरला. त्यानंतर त्याची कविता कुठे दिसली नाही. आम्ही या मुलाखतीविषयी कधीही बोललो नाही. तो दर वर्षी माझ्या घरी मुक्कामाला येतो, माझ्या मुलीला ‘काय वाचतेस?’ म्हणून विचारतो, पत्नीने केलेल्या शेवभाजीची मनापासून स्तुती करतो. आणि दर वर्षी गाडी गिरणेच्या पुलावर आली की मी त्याला विचारतो, ‘यंदा काही लिहिलेस का?’ तो हसून बाहेर पाहतो. पूल संपतो, आणि विषयही संपतो.

वर्गात बालकवी शिकवताना मी बरीच वर्षे एक युक्ती वापरत आलो. आधी ‘फुलराणी’ घ्यायची, मुलांना त्या प्रकाशात नेऊन सोडायचे. मग ‘पारवा’ आणि ‘शून्य मनाचा घुमट’ यांतील उदासीनतेकडे वळायचे, आणि तास संपायला पाच मिनिटे असताना भादलीचे नाव घ्यायचे. वर्ग स्तब्ध होतो. मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. मग सगळी कविता मागे वळून पाहिल्यासारखी दिसू लागते. प्रत्येक सावलीत पुढच्या मृत्यूची चाहूल लागते. ‘औदुंबर’च्या आठ ओळींवर केवढे लिहिले गेले आहे! त्या आठ ओळींतही मी मुलांना भादली दाखवली आहे.

धुळ्याच्या मित्राला माझी ही युक्ती मान्य नाही. त्याचे म्हणणे साधे आहे. ‘ज्याला पाच मेच्या सकाळी संध्याकाळ ठाऊक नव्हती, त्याच्या कवितेला ती ठाऊक होती असे तू कोणत्या पुराव्यावर म्हणतोस? उदासी होती, मान्य. पण उदासी म्हणजे भविष्यवाणी नव्हे.’ तो मला ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या आत्मकथनात हा मुलगा ‘ठोंबरे’ म्हणून येतो. रेव्हरंड टिळकांच्या नगरच्या घरात राहणारा, रुसणारा, माया लावणारा, घरातलाच एक. लक्ष्मीबाई लिहीत होत्या तेव्हा ठोंबरे जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. शेवट त्यांना पुरता माहीत होता. तरीही घरात वावरणाऱ्या त्या मुलावर त्यांनी शेवटाची सावली पडू दिली नाही. समीक्षकांना जे साधत नाही ते या बाईंना साधले, कारण त्यांनी त्या मुलाला जेवू घातले होते.

हे सारे मला पटत असे, पण केवळ वाङ्मयीन मुद्दा म्हणून. या वर्षीच्या फेरीत ते वेगळ्या रीतीने पटले.

गाडी पुलावर आली. खाली वाळूत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसत होत्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो या वेळी हसला नाही. ‘नाही,’ म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘आणि लिहीन असेही वाटत नाही.’

डब्यात क्षणभर अवघडलेपण आले. धुळ्याचा मित्र मनाने मऊ. त्याने लगेच आधार शोधला. ‘बहिणाबाई तरी कुठे लिहीत होत्या?’ तो म्हणाला. ‘१९०७ मध्ये याच जळगावात त्या संमेलनात ठोंबऱ्यांना पदवी मिळाली, तेव्हा बहिणाबाई इथेच संसार करीत होत्या. वय सव्वीस-सत्तावीस. त्यांना कुणी बोलावले होते का? १९५१ साली गेल्या, आणि पुस्तक आले १९५२ मध्ये. आसोद्याची ती लेक कवयित्री आहे हे महाराष्ट्राला कळायला तिचे सगळे आयुष्य जावे लागले. तेव्हा तू शेतात आहेस म्हणून…’

युक्तिवाद चांगला होता. त्यातली सनावळी बरोबर होती. मलाही तो ऐकून हायसे वाटले, आणि नेमके तेच रावेरच्या मित्राच्या ध्यानात आले असावे. एरवी तो आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलतो. मनातले बोलायचे असले की तो आपल्या लेवा गणबोलीत उतरतो.

‘बहिनाबाई राहू दे रे भो,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, ‘मी लिहत नही म्हनीसन तुले वाईट वाटते, का ती जागा तुले मियाली म्हनीसन?’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. सतरा-अठरा वर्षे जे वाक्य मी टाळत आलो होतो ते त्याने केळीच्या भावाबद्दल बोलावे तितक्या सहजपणे उच्चारले होते. मग तोच पुढे बोलत राहिला. आधी वाईट वाटले होते, फार वाटले होते, हे त्याने लपवले नाही. पण ते कवितेमुळे नव्हते. घर चालत नव्हते म्हणून होते. कविता आपोआप गेली. ‘आता रात्री वीज येते तव्हा बागेत पानी द्याले उठतो. चांगलं वाटते. त्याची कविता करनं पडतेच असं नही. तू दरसाली इचारतो, मंग माले घरी जाईसन वाटते, का आपलं काही राह्यलं. काही राह्यलं नही.’

जळगाव आले, गर्दी चढली-उतरली, गाडी पुन्हा हलली. मला जाणवत होते की माझा तो दर वर्षीचा प्रश्न त्याच्यासाठी नव्हताच. त्याने ‘हो’ म्हटले असते तर मी सुटलो असतो. त्याची कविता जिवंत आहे, म्हणजे मी त्याचे काही हिरावले नाही, एवढे मला त्याच्या तोंडून ऐकायचे होते. आणि ‘हो’ येत नव्हते म्हणून मी त्याच्या आयुष्याकडे, वर्गात बालकवींकडे पाहतो तसा, शेवटाकडून पाहू लागलो होतो. २०१४ हे त्याचे भादली, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. धुळ्याच्या मित्राने बहिणाबाईंचा दाखला दिला तोही प्रेमाने, पण त्यातही रावेरच्या मित्राचे शेत हे कवितेची प्रतीक्षा करण्याची जागा ठरत होते. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते, खोडे मोजावी लागतात, पुन्हा लागवड करावी लागते. हे त्याचे आयुष्य आहे. एखाद्या राहून गेलेल्या संग्रहाची प्रस्तावना नव्हे.

भादलीला आम्ही उतरलो. फलाटावरच्या सावलीत बसून डबे उघडले. कुणी काही वाचून दाखवले नाही. बालकवींचे नावही बराच वेळ निघाले नाही. रावेरचा मित्र माझ्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाविषयी विचारत होता, धुळ्याचा मित्र मोडी शिकायला येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांविषयी सांगत होता. एक जलद गाडी न थांबता गेली. तिच्या वाऱ्याने कागदाचा तुकडा उडाला, आणि तिघांनीही तो पकडायला एकदम हात पुढे केला. तो लोणच्याचा कागद होता.

दुपारी भुसावळकडे जाणारी गाडी आली. तिथून त्याला रावेरची गाडी धरायची होती. आम्हा दोघांना उलट, जळगावकडे यायचे होते. दर वर्षी हे असेच होते, पण आजवर मी भादली हेच प्रवासाचे टोक समजत आलो. तो चढला, खिडकीशी आला आणि म्हणाला, ‘पुढल्या साली भरताची वांगी घेऊन येतो. मे महिन्यात चांगली नसतात, पण आणतो.’ गाडी पुढे सरकली.

जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर बालकवी पुन्हा शिकवायचे होते. मी ‘फुलराणी’ घेतली, मग ‘औदुंबर’. शेवटची पाच मिनिटे उरली तेव्हा एका मुलीने विचारले, ‘सर, ते कसे वारले?’ मी सांगितले. लपवण्याचे कारण नव्हते. पण ती माहिती मी तासाच्या शेवटी ठेवली नाही. तिच्यानंतर ‘औदुंबर’ एकदा पुन्हा वाचली, फक्त वाचली, आणि घंटा झाली.