बोर्डाचे पावसाळे

गेमिंगचा कॉम्प्युटर बांधून द्या म्हणून कुणी येतं, तेव्हा पहिला प्रश्न ग्राफिक कार्डाचा असतो. कुठलं बसेल, किती एफपीएस मिळतील, अमुक गेम ‘हाय’वर चालेल का. हे स्वाभाविकच आहे. पडद्यावर जे काही दिसतं ते कार्डाच्याच जिवावर. दुसरा प्रश्न प्रोसेसरचा. मदरबोर्ड यादीत कॅबिनेटच्या जरा वर कुठेतरी असतो आणि बजेटची ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. मी कर्जत-खोपोली पट्ट्यात हे काम करतो आणि माझी यादी उलट्या बाजूने सुरू होते. आधी घर बघायचं, मग बोर्ड ठरवायचा, मग बाकीचं. खेळाचा वेग कार्ड ठरवतं, पण मशीन इथले किती पावसाळे काढेल ते बोर्डावर अवलंबून असतं.

घर बघायचं म्हणजे मुख्यतः वीज बघायची. आमच्या तालुक्यांचं आणि विजेचं नातं जुनं आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खाली सोडून केलेली ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पायथ्याच्या वाड्यांना मात्र फार उशिरा दिवे मिळाले, आणि लाइनीच्या शेवटच्या खांबावरच्या घरात आजही संध्याकाळी पंप-पंखे एकदम सुरू झाले की ट्यूब फडफडते. म्हणून मी कुणाकडे गेलो की बॅगेतून आधी टेस्टर आणि मीटर काढतो. २३० व्होल्ट कागदावर. सॉकेटात १९० दिसले तरी चांगला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा, ते निभावून नेतो. माझी खरी काळजी अर्थिंगची असते.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार या भागात इतकी सर्रास आहे की लोक ती तक्रार म्हणून सांगतही नाहीत. ‘कॉम्प्युटर थोडा चावतो’ एवढंच म्हणतात. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेज आणि अर्थच्या मध्ये, दुसरा न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये. अर्थची तार खरोखर जमिनीत गेलेली असेल तर त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह तिथे विरतो. ती नुसती स्विचबोर्डाच्या मागे लोंबकळत असेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, उभा राहतो. प्रवाह नगण्य, माणसाला धोका सहसा नाही. पण टीव्हीची एचडीएमआय केबल जोडताना तोच दाब बोर्डाच्या पोर्टांतून वाट काढतो. घरात तीन पिनांचं सॉकेट असूनही तिसरं भोक कोरडं असणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे. अशा घरी मी सांगतो की कार्डाचे पैसे थोडे मागे ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा. खड्डा, पाइप, कोळसा, मीठ; आणि आमच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात त्या खड्ड्याला अधूनमधून बादलीभर पाणी. एवढं झाल्याशिवाय मी बोर्डाची पिशवी उघडत नाही.

आता बोर्ड. आकाराचा घोळ मी लांबवत नाही. बहुतेकांना मायक्रो-एटीएक्स, २४४ मिलिमीटरचा चौरस, पुरतो. बघण्याची जागा दुसरी आहे. एसएमपीएसकडून बोर्डाला मिळतात १२ व्होल्ट आणि प्रोसेसरला लागतो एक-सव्वा व्होल्ट. शंभर वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला इतक्या कमी दाबावर ऐंशी ते शंभर अँपिअर पुरवावे लागतात. हे काम सॉकेटच्या कडेने रांगेत बसलेल्या चौकोनी कॉइली, त्यांच्या शेजारचे मॉसफेट आणि कॅपॅसिटर करतात. त्याला व्हीआरएम म्हणतात. त्यातली प्रत्येक फेज, म्हणजे अशी एकेक तुकडी, आळीपाळीने भार उचलते. फेज जास्त आणि दमदार असल्या की एकेकीवरचा ताण कमी, तापणंही कमी. स्वस्त बोर्डात कंपनी हात आखडता घेते तो नेमका इथे, आणि वरून चकचकीत प्लास्टिक लावते. मी हीटसिंकवर बोट फिरवून बघतो. ॲल्युमिनियमचा घट्ट स्क्रू केलेला भरीव ठोकळा असेल तर ठीक. मॉसफेट उघडेच असतील तर आठ कोअरचा प्रोसेसर त्यावर बसवायला मी तयार होत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

कारण आमचा मे महिना. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा बोर्डाचं तापमान चाळीसच्या खाली जाऊच शकत नाही. द्रव इलेक्ट्रोलाइटच्या कॅपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या बोर्डांवर सदोष कॅपॅसिटर लागले होते. त्यांची डोकी फुगायची, तपकिरी चीक बाहेर यायचा. तेव्हाचे बोर्ड सोल्डरिंग गन घेऊन सुधारता यायचे. आजच्या चांगल्या बोर्डावरचे घन पॉलिमरचे कॅपॅसिटर खूपच टिकाऊ आहेत, पण जळालेला मॉसफेट बदलणं प्रत्येक गल्लीत होत नाही. तेव्हा पैसा तिथे आधीच घातलेला बरा. दिव्यांच्या पट्ट्यांवर घालायचा तो इथे घाला, असं मी प्रत्येकाला सांगतो.

खरेदीला मी अजूनही लॅमिंग्टन रोडलाच जातो. कर्जतहून फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. ऑनलाइन कधी कधी स्वस्त पडतं, पण मला खोकं हातात घेऊन त्याची मागची बाजू वाचायची असते. तिथे सगळं छापलेलं असतं: मागे यूएसबी किती, एम.२ च्या खाचा किती, वायफाय आहे की नुसतं लॅन, आणि मुख्य म्हणजे बायोस फ्लॅशचं बटण आहे का. हे बटण असलं की प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, बदलता येतं. ही चैन वाटत असेल तर अलीकडची दोन उदाहरणं बघा. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० च्या एक्स३डी प्रोसेसरांपैकी काही सॉकेटातच जळाले, तेव्हा एएमडीने बायोसमधून एसओसीच्या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजने झिजतात असं निघालं आणि उपाय मायक्रोकोडच्या रूपात बायोसमधूनच आला. दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुनंच बायोस असतं. म्हणून विंडोज टाकण्याच्या आधी बायोस, आणि तेही यूपीएस जोडून. मध्येच लाइट गेली तर बोर्ड जागचा हलत नाही, आणि आमच्याकडे लाइट विचारून जात नाही.

वायफायवर दोन-तीन हजार जास्त मोजावेत का, हा प्रश्न हटकून येतो. मी हो म्हणतो, आणि कारण वळवाच्या विजा. पूर्वी खांबाखांबावरून तांब्याची लॅनची वायर ओढलेली असायची. एक कडाडली की तीन घरांचे लॅन पोर्ट गेले. आता फायबर आलं, काच वीज वाहून आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर घरच्याच लाइनीवर असतो आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत तांबंच. मॅच खेळताना पिंग हवा तर केबल लावा. आभाळ भरून आलं की ती काढा आणि वायफायवर या.

बसवण्याचं काम मला निवडण्याइतकंच प्रिय आहे. खालापूरकडच्या एका वाडीत अलीकडेच एका कॉलेजच्या मुलाचं मशीन बांधलं. कौलारू घर, पलंगाशेजारी टेबल, त्यावर मी धुतलेली सुती चादर अंथरली. पावसाळी हवेत स्थिर विजेची भीती कमी असते. ती जानेवारीत, पॉलिएस्टरची जॅकेटं निघतात तेव्हा वाढते. पावसाळ्यात भीती दवाची. एसी गाडीतून आणलेला बोर्ड लगेच पिशवीबाहेर काढला तर त्यावर ओल धरते, म्हणून चहा होईपर्यंत तो बंदच ठेवला.

एएम५ चं सॉकेट उघडलं की १७१८ पिना दिसतात, केसाहून फार जाड नाहीत. भातलावणी झालेल्या खाचरात वाऱ्याने रोपं कलावीत तशा त्या रांगेने कललेल्या असतात. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की चमक सगळ्या रांगांवरून सारखी सरकते. एखाद्या ठिकाणी ती अडखळली तर पिन वाकलेली आहे असं समजायचं आणि पुढे जायचं नाही. मी त्या मुलाला हे आधी बघायला लावलं. मग प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवायचा आणि तो नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, सरकवायचा नाही. पट्टी ओढताना काळं प्लास्टिकचं झाकण ‘टक्’ करून उडतं, तेव्हा नवखा माणूस दचकतो. ते झाकण फेकायचं नाही. वॉरंटीत बोर्ड परत पाठवताना सॉकेटवर ते लागतं; नसलं तर वाकलेल्या पिनांचा वाद सुरू होतो आणि तो वाद गिऱ्हाईक सहसा हरतं.

रॅमच्या दोन कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. नंतर कूलर, आणि मग कॅबिनेटमध्ये न घालता बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून पहिला स्टार्ट. २४ पिनांचा जाड कनेक्टर, कोपऱ्यातला आठ पिनांचा, आणि पॉवरच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवायचं. पंखा फिरला. पडदा मात्र काळा. डीडीआर५ ची रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिची तालीम घेतो, त्याला काही मिनिटं लागतात.

‘काका, गेलं का हो?’ मुलाने विचारलं. मागे त्याचे वडील उभे होते, त्यांनी काहीच विचारलं नाही, तेच जास्त जड होतं.

‘हा पिवळा दिवा बघ,’ मी म्हटलं. ‘रॅमचा आहे. तो पेटलाय तोवर बोर्डाचं काम चालू आहे. हात लावू नकोस.’

बोर्डावरचे हे चार बारीक दिवे, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट, माझ्या मते सगळ्यात कामाचे दिवे. काय अडलं ते ते थेट सांगतात. पिवळा विझला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, आणि मगच आम्ही कॅबिनेट घेतलं. पितळी स्टड बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, हे एकेक बोट लावून मोजायचं. एखादा जास्तीचा स्टड पाठीला टेकला की शॉर्ट. स्क्रू समोरासमोरचे, आधी सैल, शेवटी आवळायचे.

मागचे मोकळे पोर्ट मी रबरी टोप्यांनी बंद करतो. कौलारू घरात कुंभारीण माशी रिकाम्या यूएसबीत मातीचं घर बांधते. ओली माती आत सुकली की पोर्ट मेला. मुंग्यांचंही तेच, त्यांना बोर्डाची ऊब आवडते. आणि ऊब बोर्डालाही मानवते. पावसाळ्यात रोज चालणारं मशीन आतून कोरडं राहतं. मुंबईकरांच्या फार्महाउसवर जूनमध्ये बंद केलेलं मशीन दसऱ्याला चालू होत नाही, तेव्हा उघडून बघावं तर रॅमच्या पट्ट्यांवर आणि स्क्रूंच्या कडांना हिरवट थर. त्यांच्याकडे राखणदाराला सांगून आठवड्यातून तासभर मशीन चालू करायची व्यवस्था मी करून देतो. तेवढ्याने काम होतं.

चांगल्या बोर्डाचा खरा फायदा काही वर्षांनी कळतो. एएम४ सॉकेटवर पहिले रायझन २०१७ च्या मार्चमध्ये आले. ज्यांनी तेव्हा किंवा पुढच्या वर्षी बी४५० सारखा बरा बोर्ड घेतला, त्यांच्या घरी आज मी बायोस बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी त्याच सॉकेटात बसवतो. इंटेलच्या एलजीए १७०० वर तीन पिढ्या चालल्या, मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नवं सॉकेट आलं. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणून वाडीतल्या त्या मुलाला मी कार्ड आता नको म्हटलं. बोर्ड बी६५० चा, आणि त्यावर रायझन ५ ८६००जी, ज्याच्या पोटातलंच ग्राफिक्स हलके ऑनलाइन गेम १०८० ला सेटिंग उतरवून बऱ्यापैकी ओढतं. कार्ड पुढच्या दिवाळीला, त्याच्या पैशाने. त्याची खाच मोकळी आहे, लांबी मोजून ठेवली आहे, आणि एसएमपीएसच्या आठ पिनांच्या दोन वायरी मी आत्ताच मागून ओढून बोर्डाच्या कडेला बांधून ठेवल्या आहेत.