दोन भिंती

गावी आलो की पहाटे शेगाव रोडनं चालायला जातो. भरतीची तयारी करणारी वरवट बकालची पोरं त्याच वेळी पळत असतात. बारावीनंतर मीही पळायचो, मित्राला सोबत म्हणून. पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो, तो सीआरपीएफमध्ये. पाच किलोमीटर २४ मिनिटांच्या आत, हे गणित त्याच्यामुळे अजून पाठ आहे.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात ४० जवान गेले. त्यात आमच्या जिल्ह्यातले दोघं होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्या रात्री मी पुण्यातून मित्राला फोन लावत राहिलो. लागला सकाळी. तो त्या ताफ्यात नव्हता, दुसऱ्याच राज्यात होता.

बरोबर ११ दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथल्या ग्रॅनाइटवर आहेत. टीव्हीवर बघताना मला वाटलं, आता आपल्या दोघांचीही येतील. पण ते स्मारक सैन्यदलांचं. सीआरपीएफ गृहखात्याखाली, म्हणजे कागदावर पोलीस. त्यांच्या जवानांची नावं कोरली जातात चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकावर. ते त्याआधी चार महिने, २१ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं होतं.

ती तारीखही उगाच निवडलेली नाही. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले १० पोलीस जवान मारले गेले. सीमेवर, परक्या सैन्याशी लढताना. तरी त्यांचा स्मृतिदिन पोलिसांचाच.

माझं कामच डेटाबेसचं. कोणती नोंद कोणत्या तक्त्यात जाईल हे मी रोज ठरवतो, आणि तक्ता ठरला की पुढचं सगळं आपोआप ठरतं. इथेही तसंच आहे. १ जानेवारी २००४ ला नवी पेन्शन योजना आली, तेव्हा सैन्याला जुनी पेन्शन राहिली, सीआरपीएफमध्ये नव्यानं जाणाऱ्याला नवी योजना लागली.

मागच्या दिवाळीत मित्र सुट्टीवर आला होता. रोडच्या कडेला बसून मी त्याला हे दोन भिंतींचं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तो हसला.

"भिंतीचं सोड बे. तिथं नाव पाहाले मी थोडीच राह्यणार हाओ? मायले पेन्शन किती भेटंन, ते सांग."

मी मोबाइल काढला, हिशेब मांडायला लागलो. त्याचा पगार, सेवेची वर्षं, आईचं वय. एका रकान्यात त्याच्या मृत्यूची तारीख भरायची होती. तिथे माझा अंगठा थांबला.

तेवढ्यात पोरं पळत आली. त्यानं घड्याळ बघितलं आणि ओरडला, "पंचवीस झाले रे! उद्या पुन्हा!"