मे महिन्यातलं पाणी आणि आफ्रिकेचे मासे

तुळजापूर, फाल्गुन

चि. बाळू यास,


तुझं पत्र पोचलं. चार फुटी टँक आला, खाणीतून काळा दगड आणला, आता आफ्रिकन सिक्लिड किती सोडायचे आणि त्यांची मारामारी कशी आवरायची, असं विचारतोस. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. शिवाय धाराशिवात राहणाऱ्याला त्याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या माणसाहून निराळं द्यावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू मागितलेले मासे मलावी सरोवरातले. ते सरोवर जवळजवळ तीस हजार चौरस किलोमीटरचं आणि सातशे मीटर खोल. त्याच्या खडकाळ काठाला हे मासे, म्हणजे म्बुना, राहतात. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि नराने आपला दगड राखायचा, हा त्यांचा दिनक्रम. शेताच्या बांधावरचं भांडण जसं शेजारच्याशीच होतं, तसं या नराचं वैर मुख्यतः आपल्यासारख्या दिसणाऱ्या नराशी असतं. तोच त्याचं शेवाळ खाणार आणि त्याच्याच माद्यांपुढे नाचणार. सरोवरातही या माशांची दाटी असते, पण हरलेला नर दोन-चार हात पलीकडे गेला की भांडण मिटतं. काचेत तो जाणार कुठे? जिंकणाऱ्याला तो दिवसभर समोर दिसत राहतो आणि मार थांबत नाही. म्हणजे माशाचा स्वभाव तिकडे आहे तोच इथे आहे, फक्त हरणाऱ्याची वाट बंद झाली आहे. टँक मांडताना तू त्या हरणाऱ्याचा विचार कर.

दगड आधी, वाळू नंतर. तळाला थर्माकोल, त्यावर दगड, मग वाळू. कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस काचेवर कोसळतो. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, त्याची काळजी नको. पण एकच मोठा ढीग रचू नकोस, तो एका नराचा किल्ला होईल. दोन-तीन वेगळ्या राशी कर. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसू नये इतक्या उंच कर, आणि प्रत्येक कपारीला दोन तोंडं ठेव. एकच तोंड असलेल्या कपारीत शिरलेला मासा कोंडला जातो.

आता संख्या. तुला बहुतेक ठिकाणी सांगतील की म्बुना दाटीने ठेवा, चार फुटांत वीस-पंचवीस. त्यात तथ्य आहे. पाच मासे असले तर दांडगा नर त्यांतल्या एकालाच धरतो आणि तो मरतो. वीस असले तर मार वाटला जातो, आणि एवढ्या गर्दीत हद्द राखणं नरालाही परवडत नाही. पण ही युक्ती फुकट नाही, तिची किंमत पाण्यात मोजावी लागते. तुझा टँक चार बाय दीड बाय दीड असेल तर काठोकाठ अडीचशे लिटर. वाळू-दगड वजा जाता दोनशेच्या आसपास. पंचवीस मासे ठेवलेस तर दर आठवड्याला निदान चाळीस टक्के, म्हणजे ऐंशी लिटर पाणी बदलावं लागेल. जुलैत ते जमेल. एप्रिल-मे मध्ये नळ चार-आठ दिवसांआड येतो आणि गल्लीत टँकर लागतो, तेव्हा घरातल्या कोणाच्या वाट्याचं पाणी त्यात ओतशील? म्हणून माझं स्पष्ट मत असं की आपल्या जिल्ह्यात माशांची संख्या टँकच्या मापाने ठरवूच नये, मे महिन्यात हातात किती पाणी आणि किती वीज असते त्यावर ठरवावी.

यामागचं कारण नीट समजून घे. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मलावीच्या माशांना आम्लारी पाणी लागतं, सामू आठच्या आसपास. आपलं बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, ते जड असतं, म्हणून हे मासे इथे छान रमतात; ज्या पाण्याने आपल्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ते त्यांना मानवतं. पण अमोनियाचा विषारी भाग सामू सातच्या मानाने सव्वाआठला दहापटीहून जास्त असतो. गोड्या, मऊ पाण्यातल्या टँकमध्ये खपून गेलेली चूक इथे खपत नाही. त्यात उन्हाळ्यात पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. फिल्टर बंद, हवा बंद, आणि काही तासांत फिल्टरमधले जिवाणूही मरायला लागतात. पंचवीस माशांच्या टँकला अशी एक दुपार पुरेशी असते. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर माशांच्या आधी विकत घे.

पाण्याबद्दल आणखी थोडं. बोअरचं पाणी उपसल्याबरोबर टँकमध्ये ओतू नकोस. रात्रभर पिंपात हवा सोडून ठेव, मग सामू मोज. मराठवाड्यात पुष्कळ विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट पिण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या, वर गेलेलं असतं. तुझ्या बोअरचं तसं असेल तर पाणी बदलून नायट्रेट उतरणारच नाही, आणि मग मासे कमी ठेवण्यावाचून इलाज नाही. आरओचं जारचं पाणी वापरू नकोस, त्यातले क्षार गेलेले असतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी जड असतं म्हणून मोह होईल, पण त्यात नायट्रेटही साठून आलेलं असतं. टँकरच्या पाण्याला आधी अँटीक्लोरीन. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की नुसती भर घालत बसू नकोस. वाफ जाते, क्षार मागे राहतात आणि महिन्याभरात पाणी फार जड होतं. काढलेलं पाणी मात्र गटारात जाऊ देऊ नकोस. तुझ्या आईच्या कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला ते खतासारखं लागतं.

तुझ्या यादीतले केन्यी आणि ऑरेटस खोडून टाक. दिसायला देखणे आहेत हे मान्य, पण दोन्ही जाती चार फुटांत शेजाऱ्याला जगू देत नाहीत. डेमासोनी एक ठेवता येतो किंवा बारा-पंधरा. मधली संख्या म्हणजे रोज एक प्रेत, आणि पंधरा तुझ्या पाण्याला झेपणार नाहीत. इलेक्ट्रिक येलो आठ आणि रस्टी सहा, एवढेच घे. दोन्ही म्बुनांतले शांत. एक पिवळा, एक जांभळट तांबूस, म्हणून एकमेकांना प्रतिस्पर्धी समजत नाहीत. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाही. मोठे झाले की जास्तीचे नर दुसऱ्या कोणाला दे, एका नरामागे तीन-चार माद्या राहू देत. पिशवीत ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून मिळतात ते घेऊ नकोस. त्यांत कुठला कोणाचा हे कळत नाही, आणि उद्या कोण दांडगा निघेल तेही नाही. चौदा माशांना आठवड्याला पन्नास-साठ लिटर पुरतील, तेवढे मे महिन्यातही निघतात.

खाणं शेवाळाचं, स्पायरुलिनाचं. रक्तकिड्यांचा लाड नको. यांचं आतडं लांब असतं, जड आहाराने पोट फुगून मासा दगावतो. मार खाल्लेल्या, घाबरलेल्या माशाला हे दुखणं आधी गाठतं. म्हणून रोज सकाळी आधी वरचा कोपरा बघ. टँकच्या हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठाजवळ, पर मिटून एखादा उभा असेल तर त्याला लगेच वेगळ्या टाकीत काढ.

दांडग्यालाच काढलं तर प्रश्न सुटेल असं वाटेल, पण तसं होत नाही. स्टॅनफर्डच्या रसेल फर्नाल्ड यांनी सिक्लिडच्याच एका आफ्रिकन जातीवर वर्षानुवर्षं काम केलं. वरचढ नर नाहीसा झाला की खालचा नर काही मिनिटांत रंग बदलतो आणि त्याची जागा घेतो, इतकंच नव्हे तर पुढच्या काही दिवसांत त्याच्या मेंदूतल्या पेशीही वाढतात. म्हणून दांडग्याला काढशील तेव्हा दगडही हलव. सगळ्यांच्या हद्दी मोडल्या की आठवड्याने तो परत आला तरी नवखा म्हणून येतो. नवे मासे सोडतानाही असंच कर, आणि रात्री दिवा मालवून सोड.

येलोची मादी एक दिवस खाणं सोडेल आणि तिची हनुवटी फुगलेली दिसेल. आजारी समजू नकोस, तोंडात अंडी असतात. जवळजवळ तीन आठवडे ती उपाशी राहून पिल्लं तोंडात सांभाळते. या दिवसांत तिच्यामागे नर लागू देऊ नकोस.

पिल्लं झाली की ती कुठे द्यायची हा प्रश्न येईल, आणि इथे मी तुला बजावून सांगते. तेरणेत, बोरीत, कुणाच्या विहिरीत एकही सोडायचं नाही. धाराशिव शहराला ज्या उजनीचं पाणी येतं त्या धरणात आफ्रिकेचा सिक्लिड केव्हाचाच आहे. भिगवणच्या बाजारात विकली जाणारी चिलापी, ती हीच. १९५२ मध्ये ती भारतात आणली. तीसुद्धा तोंडात अंडी सांभाळते, तिचेही नर चिखलात खड्डे खणून राखतात. ती भराभर वाढते आणि आपल्या माशांना पुरून उरते हे ध्यानात आल्यावर १९५९ मध्ये तिचा प्रसार थांबवायचं ठरलं, पण तोवर ती पाण्यात गेली होती. कोळ्यांना तिच्यावर पोट भरता येतं हे खरं, तरी एकदा सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही हेही तितकंच खरं. डासांसाठी विहिरीत गप्पी सोडतात ते पाहून तुला वाटेल, मग हे का नको. नको म्हणजे नको. पिल्लं जास्त झाली तर मला कळव, मी नेईन.

रविवारी येशील तेव्हा बोअरचं आणि नळाचं पाणी दोन वेगळ्या बाटल्यांत आण. माझ्याकडे तपासणीचा संच आहे. सामू, जडपणा आणि नायट्रेट तिन्ही बघू. तोवर टँक माशांविना चालू दे, आणि फिल्टर महिनाभर मुरल्याशिवाय माशांचा आगाऊ पैसा कोणाला देऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझी
मावशी