उगाच कशाला?

समुद्रकांठच्या कोरड्या वाळूंतून भरभर चालण्याचा प्रयत्न ज्यांनीं केला असेल, त्यांना पुढें टाकलेलें पाऊल निम्में मागें कसें सरकतें हें निराळें सांगावयास नको. सडकेवर एकदां वेग घेतला म्हणजे वाहन कांहीं काळ त्या वेगाच्या पुण्याईवर चालतें. वाळूंत मागची पुण्याई पुढें उपयोगी पडत नाहीं. हात जरा आखडला कीं चाक रुतलेंच. म्हणून वाळूंत धांवणाऱ्या यंत्राला शक्ति कितीहि असली तरी ती अपुरीच वाटते. या अपुरेपणाच्या पायीं आमच्या हातून एक चूक घडली. ती आमच्या चिरंजिवांच्या जिवावर बेतली होती. निभावली एका मनगटावर. तिची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेलीं कांहीं वर्षें आम्ही चिरंजिवांकडे कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो शहरीं राहतों. तेथून मोटारीनें पूर्वेस सुमारें तीन तासांच्या वाटेवर इंपीरियल नांवाच्या वाळूच्या टेकड्या लागतात. त्यांची लांबी सुमारें ७० किलोमीटर असून दक्षिणेचें टोंक मेक्सिकोच्या सरहद्दीला भिडतें. उंच टेकड्या ३०० फुटांपर्यंत जातात. १९१५ सालीं ही वाळू ओलांडतां यावी म्हणून मोटारींसाठीं येथें चक्क लांकडी फळ्यांचा रस्ता अंथरला होता, आणि १९२६ सालीं पक्की सडक झाली तेव्हां कोठें त्याची निवृत्ति झाली. ज्या वाळूला चुकविण्यासाठीं पूर्वीच्या लोकांनीं फळ्या अंथरल्या, त्याच वाळूंत मुद्दाम शिरण्यासाठीं आतां थंडीच्या दिवसांत हजारों लोक चौचाकी फटफट्या घेऊन तंबू ठोकतात. मनुष्याची गंमत आहे ती ही!

चिरंजिवांची चौचाकी म्हणजे यामाहा कंपनीची बॅन्शी. १९८७ पासून २००६ पर्यंत ती अमेरिकेंत विकली जात असे. इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांचें, ३४७ घन सेंटिमीटरचें, पाण्यानें थंड राखलेलें. प्रत्येक सिलिंडराचा व्यास ६४ मिलिमीटर व पिस्टनची धांव ५४ मिलिमीटर. हे आंकडे ऐकतांच आमचे कान टवकारले. १९८३ पासून आपल्याकडे विकल्या जाऊं लागलेल्या राजदूत ३५० चें माप अक्षरशः हेंच. दोघी एकाच घराण्यांतल्या! तरुणपणीं पुण्यांत आम्हीं ती गाडी बाळगली होती. इंधन वाचावें म्हणून तिची शक्ति मूळच्या जपानी गाडीपेक्षां मुद्दाम कमी केलेली होती. तरीहि आळींतील मंडळी तिचा डौल पाहण्याऐवजीं “ॲव्हरेज किती देते?” एवढेंच विचारीत, आणि उत्तर देतांना आमची मान खालीं जाई.

बॅन्शीची शक्ति वाढविण्याचें चिरंजिवांनीं मनांत आणिलें, तेव्हां या जुन्या नात्यामुळें आम्ही आपण होऊन सल्लागार झालों. टू-स्ट्रोक इंजिनाला एक जन्मजात खोड असते. जळलेला धूर बाहेर जाण्याची वाट आणि ताजें मिश्रण आंत येण्याची वाट कांहीं क्षण एकदमच उघड्या राहतात, आणि धुराच्या पाठोपाठ थोडें ताजें पेट्रोलहि न जळतांच निघून जातें. यावर उपाय आहे तो धुराच्या नळीच्या आकाराचा. ही नळी दोन्ही टोंकांना निमुळती व मध्यें फुगीर, एखाद्या लांबट पखवाजासारखी असते. दाबाची लाट फुगवट्यांत पसरली कीं मागें ओढ उत्पन्न होते व सिलिंडर स्वच्छ होतो. मग तीच लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटून उलटते आणि निसटूं पाहणारें ताजें मिश्रण वाट बंद होण्याच्या ऐन क्षणीं पुन्हां आंत लोटते.

पूर्व जर्मनींतील एम्‌झेड कारखान्याचे वाल्टर काडेन यांनीं ही विद्या पूर्णत्वास नेली. १९६१ सालापर्यंत त्यांनीं १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनांतून २५ अश्वशक्ति काढली होती. त्याच वर्षीं त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि, कचानें संजीवनी न्यावी तशी, ती विद्या जपानांत सुझुकीकडे घेऊन गेला. पुढल्याच वर्षीं ५० घन सेंटिमीटरच्या वर्गांत डेग्नर सुझुकीवर बसून जगज्जेता झाला.

ही कथा चिरंजिवांनीं सांगितली, आणि आम्ही भुललों ते एका वेगळ्याच कारणानें. जें वायां जात होतें तेंच परत आणून शक्ति मिळवावयाची! आमच्या काटकसरी मनाला याहून गोड गोष्ट कोणती असणार? तशा दोन नळ्या बसविल्या. हवा मोकळी यावी म्हणून गाळणीच्या पेटीचें झांकण काढलें. मिश्रणाच्या वाटेवर बाजाच्या पेटींतल्या सुरांसारख्या ज्या पातळ पात्या असतात, त्याहि नव्या घातल्या. मागच्या चाकांना वल्ह्यांसारखे आडवे पट्टे असलेले वाळूचे टायर चढले. हवा वाढली म्हणून कार्ब्युरेटरमधील जेट, म्हणजे ज्या बारीक भोंकांतून पेट्रोल येतें ती पितळी बोंडी, चिरंजिवांनीं मोठी घातली.

आमची चूक याच भोंकापाशीं झाली. या इंजिनांत वंगणाचें तेल पेट्रोलांतच कालवावें लागतें. त्यामुळें पेट्रोल हें त्याचें नुसतें अन्न नव्हे. पिस्टनला वंगण तेंच पुरवितें आणि पुष्कळशी उष्णताहि तेंच शोषून घेतें. पेट्रोल कमी पडलें म्हणजे उपास, रखरख आणि ताप तिन्ही एकदम येतात. शिवाय वाळूचा चढ म्हणजे पुरा जोर लावून काढावयाचा. विसांव्याला जागा नाहीं. वाईट असें कीं, पेट्रोल थोडें कमी असतांना इंजिन सर्वांत सुरेख वाजतें. धूर नाहीं, घुसमट नाहीं, आवाज कसा खणखणीत!

पहिल्या दिवशीं दुपारीं तें असेंच वाजत होतें. चिरंजिवांनीं प्लग काढून पाहिले. त्यांचा रंग तुपाच्या बेरीसारखा तपकिरी असावा. तो फिकट पांढुरका होता. “बाबा, उद्यां पहांटे थंडी असेल. जेट दोन क्रमांकांनीं मोठा घालतों,” ते म्हणाले. आम्ही घडीच्या खुर्चीवर बसून चहा घेत होतों. आम्ही म्हणालों, “अरे, इतकें छान वाजतें आहे, उगाच कशाला पेट्रोल जाळतोस?” त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि हत्यारांची पेटी मिटली.

वाळवंटांत दुपारचे २४ अंश पहांटे सहज ५ अंशांवर येतात. तेवढ्यानें हवा सुमारें ७ टक्के दाट होते, आणि कार्ब्युरेटर बिचारा त्या मानानें पेट्रोल वाढवूं शकत नाहीं. हें गणित आम्हांला येत नव्हतें असें नाहीं. त्या वेळीं तें आठवावेंसें वाटलें नाहीं एवढेंच.

येथें प्रत्येक गाडीला जमिनीपासून ८ फूट उंचीचें निशाण लावावें लागतें, म्हणजे टेकडीपलीकडची गाडी अलीकडच्यास दिसते. सकाळीं चिरंजीव समोरच्या मोठ्या चढावर निघाले, आणि आम्ही पायथ्याशीं उभे राहून तें केशरी निशाण वर वर जातांना पाहत होतों. दोन-तृतीयांश चढ झाला असेल. खणखणीत आवाज एकदम तुटला. निशाण थांबलें, मागें झुकलें आणि दिसेनासें झालें.

आम्ही धांवूं लागलों. पण वाळूंत धांवणें कसलें? पाऊल पुढें, निम्में मागें. तेवढ्या वेळांत आम्हीं काय काय पाहिलें तें लिहवत नाहीं. वर पोंचलों तों चिरंजीव वाळूंत बसून एका हातानें शिरस्त्राण काढीत होते. गाडी मागें घसरूं लागतांच त्यांनीं बाजूला उडी टाकली होती, आणि ती कोलांट्या खात खालीं जाऊन पडली होती. मनगट सुजलें होतें. बाकी देवाची कृपा. आम्हांला बोलवेना. तेच म्हणाले, “बाबा, चूक माझी. जेट मला बदलतां आला असता.”

हें वाक्य आम्हांला त्या अपघाताहून अधिक लागलें. जेट त्यांना बदलतां आला असता हें खरें. त्यांचें ज्ञान पुरें होतें, प्लगचा रंग त्यांनीं ओळखला होता. तरी पेटी मिटली, कारण बाप “उगाच कशाला” म्हणाला. बारावीच्या वर्षीं रोज संध्याकाळीं तासभर टेबल-टेनिस खेळावयास त्यांनीं परवानगी मागितली होती. तेव्हांहि आम्ही हेंच म्हणालों होतों, आणि तेव्हांहि असेंच एकदां पाहून त्यांनीं बॅट कपाटांत ठेवली होती. गुण मात्र आम्हांला आणखी हवे होते! शक्ति वाढली पाहिजे आणि खर्च वाढतां कामा नये, हा हिशेब आम्हीं प्रथम वाळूंत मांडला नव्हता. तो आमच्या घरांत फार दिवसांपासून चालूं होता.

घरीं येऊन इंजिन उघडलें. डाव्या पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते आणि ॲल्युमिनियम सिलिंडराला चिकटलें होतें. दोन्ही सिलिंडर सारखेच अर्धा मिलिमीटर मोठे कातून घेतले व नवे पिस्टन घातले. नळ्या त्याच ठेवल्या. त्यांचा कांहीं अपराध नव्हता. वायां जाणारें परत आणतात हें खरें, पण त्या परत आणतात म्हणूनच आंत अधिक जळतें, अधिक तापतें आणि अधिक लागतें. फुकट असें त्यांत कांहींच नाहीं. जुना पिस्टन आमच्या मेजावर कागद दाबण्यास ठेवला आहे.

मनगट बरें झाल्यावर आम्ही पुन्हां तेथें गेलों. या खेपेस जेट चिरंजिवांनीं निवडले. आम्हीं फक्त बॅटरी धरली. इंजिन सुरुवातीस किंचित् धूर टाकीत होतें, आवाजहि जरा जड होता. पण प्लग बेरीच्या रंगाचे निघाले. आमच्याबरोबर आलेल्या एका मराठी स्नेह्यांनीं सभोंवार फिरून सर्व कौतुकानें पाहिलें आणि अखेर विचारलेंच, “ॲव्हरेज किती देते हो?” टांकींत पेट्रोल ओततां ओततां आम्हीं खरा आंकडा सांगितला. तो ऐकून ते हळहळले. आम्हीं मात्र डबा पुरता रिकामा होईपर्यंत हात आखडला नाहीं.