सातपुड्याचा बिल्ला

अकोटला माझे आजोळ आहे असे मुंबईत कुणाला सांगितले, की तो हटकून विचारतो, “म्हणजे अकोला ना?” नव्हे. अकोल्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेले ते कापसाचे आणि सतरंज्यांचे गाव. अकोल्याहून तिकडे जाणारी लहान रुळांची गाडी २०१७ साली बंद पडली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मोठ्या रुळांवर पुन्हा सुरू झाली. मधली वर्षे आम्ही भाचेमंडळी एस. टी.चे धक्के खातच आजोळी जात होतो.

गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चहाबरोबर सुपारीचा डबा पुढे केला. सुपारी चाचपताना बोटांना काहीतरी जड, गार लागले. बाहेर काढले तर एक नाणे! रुपयाहून चांगलेच मोठे. वर अशोकस्तंभाचे सिंह आणि रोमन अक्षरांत जहाजाचे नाव : आयएनएस सातपुडा.

“ठेव तो बिल्ला,” मामा म्हणाले. “नाव बी धड लिवता आलं नाई त्याईले. ‘सातपुरा’ म्हणे! ड चा र केला.” मामांनी जन्मभर मराठी शिकवले; रागवायला त्यांना शुद्धलेखन पुरते.

पण राग शुद्धलेखनाचा नव्हता, हे मला ठाऊक होते. त्यांचा मुलगा आरमारात आहे. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या तेव्हा तो दुसऱ्याच एका जहाजावर, भर समुद्रात होता. घरी पोहोचला तो तेराव्याच्या आदल्या दिवशी. काय बोलावे हे त्याला सुचेना. ‘सातपुड्या’वरून बदली होताना मिळालेले हे नाणे त्याने खिशातून काढले, बापाच्या हातावर ठेवले आणि तो मान खाली घालून बसला. मामांनी ते सुपारीच्या डब्यात टाकले. तेव्हापासून बापलेकांचे फोनवरचे बोलणे पावसापाण्यापलीकडे गेलेले नाही.

आता या नाण्याची गोष्ट अशी, की त्याला बाजारात कवडीची किंमत नाही. ‘चॅलेंज कॉइन’ म्हणतात त्याला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या फौजांत ही चाल फोफावली. एकाने आपले नाणे मेजावर आपटले की बाकीच्यांनी आपापले दाखवायचे. ज्याच्या खिशात नसेल त्याने सगळ्यांच्या पेल्यांचे पैसे भरायचे. जहाजाचा कप्तान शाबासकी देताना हस्तांदोलनातच ते हळूच तळहातात सरकवतो. हौशी लोक अशी जहाजांची नाणी जमवून काचेच्या कपाटात लावतात. पण कपाटातले नाणे आणि हातातून हातात आलेले नाणे यांत फरक आहे. आमच्या मामेभावाने ते कुणाला दाखवायला आणले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटले, “चला, नरनाळ्याला जाऊ.” गुडघ्यांची सबब झाली, पण शहानूरहून वर गाडी जाते म्हटल्यावर तयार झाले. निघताना मी डब्यातले नाणे खिशात घातले. त्यांनी ते पाहिले, पण काही बोलले नाहीत.

नरनाळा हा व्याघ्रप्रकल्पाच्या रानातला किल्ला. त्याचा महाकाली दरवाजा पाहायलाच अकोटला यावे. वऱ्हाडात पुढे इमादशाही स्थापणाऱ्या फतहुल्ला इमादुल्मुल्काने तो १४८७ साली उभारला. दगडात कोरलेली कमळे, झरोके, सज्जे आणि अक्षरांच्या पट्ट्या! मामा त्या अक्षरांवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. पुढे नऊगजी तोफ पाहिली आणि दक्षिणेच्या कडेला येऊन बसलो.

खाली सगळे वऱ्हाड पसरलेले. काळी माती, पांढरा कापूस, मध्ये तुरीचे पट्टे. मी मामांना म्हटले, “त्या बाजूला तेल्हारा तालुक्यातले अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. त्या लढाईचेसुद्धा पदक निघाले. चांदीचे, फितीच्या पट्टीवर ‘अर्गाम’ असे नाव. पण निघाले १८५१ मध्ये! अठ्ठेचाळीस वर्षांनी जे जिवंत होते आणि ज्यांनी अर्ज केला, त्यांनाच.”

“अन् आपल्याईले?”

“आपण हरलो होतो, मामा.”

“हरलेल्याले कोन बिल्ला देते!” ते हसले. मग हात पुढे करून म्हणाले, “दे इकडं.”

मी नाणे दिले. ते त्यांनी डोळ्यांजवळ धरले. शिवालिक, सातपुडा आणि सह्याद्री ही आपल्या आरमारातल्या तीन बहिणींची नावे. मधली मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली आणि २० ऑगस्ट २०११ रोजी आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे १४३ मीटर. अमृतमहोत्सवी वर्षात, १५ ऑगस्ट २०२२ ला, तिने अमेरिकेत सॅन डिएगोच्या बंदरात तिरंगा फडकवला. हे सगळे मी सांगत होतो आणि मामा एकदा नाण्याकडे, एकदा पाठीमागच्या निळसर रांगांकडे पाहत होते.

“म्हणजे आपला डोंगर अमेरिकेले जाऊन आला,” ते म्हणाले. “अन् मी मुंबईच्या पुढं नाई गेलो. तिथं बी कामातच होतो, समुद्र पाहाचा राह्यला.” थोडे थांबून त्यांनी खालच्या रानाकडे बोट केले. “असाच दिसते का रे?”

मुंबईकर असूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. “तो हलतो, मामा,” एवढेच म्हणालो.

उतरताना ते गप्प होते. नाणे त्यांनी परत दिले नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकले आणि खिसा दोनदा चाचपला. गाडी सपाटीला लागली, माझ्या फोनला आवाज आला, तसे ते म्हणाले,

“तो सध्या विशाखापट्टणमलेच हाये ना? पाय बरं तुह्या त्या मोबाइलात, अकोल्याहून तिकडं गाडी किती वाजता राह्यते.”