बोली लावण्याआधीचा आकडा

ऑनलाइन लिलावातून माल उचलायचा म्हटले की लोकांना वाटते, मोबाइलवर बोट दाबले की झाले. दिंडोशीतल्या आमच्या गाळ्यावर धंदा सुरू करू पाहणारी मुले येतात आणि विचारतात, "चाचा, कुठल्या साइटवर स्वस्त मिळतं?"

साइट सांगण्यात काहीच गुपित नाही. पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतली एमएसटीसी ही कंपनी १९६४ साली स्थापन झाली. सरकारी कार्यालये आणि कंपन्या आपला निकामी माल तिच्यामार्फत ऑनलाइन लिलावात काढतात. रेल्वेचे भंगार आयआरईपीएसवर विकले जाते. नोंदणी करायची, अनामत भरायची, बोली लावायची. माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर मिळतो. नंतर तक्रार चालत नाही.

म्हणून मी फोटोवर माल घेत नाही. पाहणीच्या दिवशी स्वतः जातो. जुने ऑफिस फर्निचर हा माझा धंदा. दुरुस्त करून काही इथेच विकतो, काही टेम्पोने ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पाठवतो. खुर्ची उलटी केल्याशिवाय तिचे हायड्रॉलिक गेले आहे की चाक, हे कळत नाही.

गेल्या वर्षी एका कार्यालयाच्या ६० खुर्च्या लिलावात होत्या. पाहून आलो आणि वहीत हिशेब मांडला. ४५ खुर्च्या दुरुस्तीनंतर ९०० रुपयांनी जातील, उरलेल्या १५ सुट्या भागांसाठी १५० ने. एकूण ४२,७५० रुपये. टेम्पो आणि हमाली ५,५००, दुरुस्ती ६,०००, माल ठेवायची जागा २,५००. बोलीवर १८ टक्के जीएसटी. मी कंपोझिशन योजनेत असल्याने तो वजा मिळत नाही. उलट विक्रीवर एक टक्का भरावा लागतो. म्हणजे १८,५०० ला लॉट मिळाला तर हातात जेमतेम साडेसहा हजार. १८,५०० खाली दोन रेघा मारल्या.

लिलावाच्या आदल्या रात्री फोन आला. पाहणीला आलेल्यांपैकीच एक व्यापारी. म्हणाला, "भाई, तुम्ही बोली लावू नका. आम्ही तिघांनी ठरवलंय. दहा हजारात लॉट सुटेल, मग खुर्च्या वाटून घेऊ. २० तुमच्या."

पडद्यावर नावे दिसत नसली तरी पाहणीच्या आवारात सगळे एकमेकांना ओळखतात. असे संगनमत कायद्याला मान्य नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्यात बोलीतल्या हातमिळवणीचा स्पष्ट उल्लेख आहे. आमच्या दीनमध्येही लिलाव जायज आहे. एका गरजू अन्सारीची चादर आणि वाडगा पैगंबरांनी स्वतः बोली लावून दोन दिरहमला विकून दिल्याची हदीस आहे. पण घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावणे, ज्याला नजश म्हणतात, त्याची मनाई आहे. खोटेपणाने भाव चढवणे चूक असेल, तर खोटेपणाने पाडणे बरोबर कसे? तिथे विकणारा फसतो, एवढाच फरक.

मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी १८,५०० पर्यंत गेलो आणि थांबलो. लॉट १९,२०० ला गेला. कार्यालयाला त्या दहा हजारांपेक्षा ९,२०० जास्त मिळाले. मला एकही खुर्ची मिळाली नाही.

याची झळ माझ्या एकट्यापुरती नव्हती. धंद्यात आपाचे ८०,००० रुपये आहेत. दुल्हाभाई गेल्यावर तिने ते माझ्याकडे दिले, व्याजाने नव्हे, नफ्या-तोट्याच्या भागीदारीने. त्या महिन्यात तिच्या वाट्याला नेहमीच्या निम्मे आले. तिला सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुढचा लिलाव कधी आहे?"

मुले विचारतात, सातशे रुपयांसाठी लॉट का सोडला? अनेक लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते. वेळ वाढली की माणूसही वाढत जातो. अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली हेच मांडले होते: मालाची खरी किंमत कुणालाच नक्की माहीत नसते, तेव्हा लिलाव बहुधा तोच जिंकतो ज्याने ती सर्वांत फुगवून धरलेली असते. आज सातशे सोडले नाहीत, तर उद्या सात हजारही सुटत नाहीत. आणि ते एकट्या माझे नसतात.

म्हणून साइट विचारणाऱ्याला मी आधी विचारतो: माल पाहिलास का? आकडा लिहिलास का? आणि तो शांत डोक्याने, लिलावाच्या आधी लिहिलास का? तिन्हीला हो असेल तर नोंदणी कशी करायची ते दाखवतो. आदल्या रात्री येणाऱ्या फोनबद्दलही सांगून ठेवतो. तो येतोच.